कांद्याची आवक रोज कळते, चुंबकांची का नाही?

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राची छोटी शेड आहे. इलेक्ट्रिक दुचाकीच्या चाकात बसणाऱ्या मोटरचे रोटर, म्हणजे फिरणारे भाग, तो तयार करून देतो. जून २०२५ मध्ये त्याच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर थर्माकोलचं एक खोकं उघडं होतं. आत निकेलचा मुलामा दिलेले चकचकीत चपटे तुकडे, बोटाच्या पेराएवढे, ओळीने लावलेले. दर दोन तुकड्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती. ती चकती काढली की तुकडे एकमेकांवर असे झेपावतात की मध्ये बोट सापडलं तर रक्तच साकळतं. लोखंडी कड्याच्या आतल्या अंगाला ते एक उत्तर, एक दक्षिण असे चिकटवत जायचं, की रोटर तयार. त्या दिवशी दोन पोरं नुसती बसून होती.

“अशी अडीच खोकी उरलीत,” मित्र म्हणाला. “तू कागदपत्रांतला माणूस. पुढचा माल कधी सुटणार, सांग.”

मला सांगता आलं नाही. आयात मालाची बिल ऑफ एन्ट्री ही सीमाशुल्काची कागदपत्रं भरण्यात, ड्यूटी काढण्यात आणि माल सोडवून देणाऱ्या एजंटांच्या, म्हणजे सीएचएंच्या, मागे लागण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. तरीही देशात असा माल महिन्याला किती येतो, वाटेत किती आहे, अडकलाय तो नेमका कोणत्या कागदाअभावी, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं, की ते एका जागी कोणाकडेच नव्हतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

झालं होतं ते असं. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि सीमाशुल्क प्रशासनाने एक आदेश काढला. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम या सात धातूंच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला त्या दिवसापासून परवाना लागू झाला. हे सगळे दुर्मीळ मृदा धातू, बाजारात ज्यांना रेअर अर्थ म्हणतात त्यांच्यातले. यादी वाचून आपल्याकडच्या अनेकांनी पहिल्या दिवशी सुस्कारा सोडला, कारण मोटरच्या चुंबकाचा मुख्य धातू निओडिमियम, आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. पण निओडिमियमचं चुंबक तापलं की त्याची ताकद उतरते. ती टिकावी म्हणून त्यात थोडंसं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. मोटर तापतेच, त्यामुळे तिच्यातल्या बऱ्याच चुंबकांत ही चिमूट असते. माल अडला तो त्या चिमटीपायी.

दोन महिन्यांत त्याची झळ चाकण-आकुर्डीला बसली. बजाज ऑटोने उघडपणे सांगितलं की पुरवठा सुरळीत झाला नाही तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. मारुतीने आपल्या पहिल्या इलेक्ट्रिक मोटारीचं नजीकचं उद्दिष्ट खाली आणल्याच्या बातम्या आल्या. मोठ्या कंपन्यांची माणसं दिल्लीला आणि बीजिंगला खेटे घालू शकतात, वकील लावू शकतात. भोसरीच्या शेडपर्यंत जे पोचत होतं ते व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप. कोणी म्हणे पंधरा दिवसांत मोकळं होईल, कोणी म्हणे दिवाळीपर्यंत विसरा.

लासलगावला हे असं होत नाही. तिथे आज किती गाड्या आल्या, आवक किती क्विंटल झाली, किमान, कमाल आणि सरासरी भाव काय निघाला, हे दुपारपर्यंत अख्ख्या नाशिक जिल्ह्याला ठाऊक असतं. येवल्याच्या वाडीवर बसलेला शेतकरी मोबाइलवर भाव बघून ठरवतो की चाळ आज फोडायची की आठ दिवसांनी. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लिलाव थांबले आणि चांदवडला महामार्ग अडला. लोक चिडले ते आपला तोटा किती होणार हे त्यांना त्याच दिवशी मोजता आलं म्हणून. कांदा उत्पादकाच्या हाती दुसरं काही नसेल, आकडा असतो. ज्या उद्योगावर पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव आणि छत्रपती संभाजीनगरची लाखो घरं चालतात, त्याच्या सगळ्यांत नाजूक कच्च्या मालाचा आकडा मात्र आपल्या हाती नाही.

हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात एक साधी गोष्ट शोधत होतो. भारताने २०२४-२५ या आर्थिक वर्षात रेअर अर्थ चुंबकं किती आयात केली? वाहन उद्योगाच्या हवाल्याने आलेल्या बातम्यांत आकडा ५४० टन होता. दुसरीकडे ८७० टन. तिसरीकडे सरकारी आकडेवारीचा दाखला देऊन ५३,७४८ टन. एकच देश, एकच वर्ष, मालाचं नावही एकच, आणि लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत शंभर पटींचं अंतर. कोणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. कोणी फक्त मोटारींसाठीचा माल मोजला असेल, कोणी एका शीर्षकाखाली आलेली सगळी चुंबकं एकत्र धरली असतील. पण वाचणाऱ्याने काय धरावं? मंत्रालयात बसून धोरण लिहिणाऱ्याने तरी काय धरावं?

या गोंधळाचं मूळ मला माझ्या रोजच्या कामात दिसतं. सीमाशुल्कासाठी जगातल्या प्रत्येक मालाला एक एचएस क्रमांक असतो. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे प्रत्येक देश आपापल्या गरजेने लावतो. ८५०५११ या सहा आकड्यांखाली धातूची सगळी कायमस्वरूपी चुंबकं येतात. यात स्पीकरचं चुंबक आलं, दाराच्या कडीचं आलं आणि मित्राच्या खोक्यातलंही आलं. चीनने आपल्या आठ आकडी यादीत रेअर अर्थ चुंबकांना स्वतंत्र क्रमांक फार पूर्वीच देऊन ठेवला. अमेरिकेने दहा आकडी यादीत निओडिमियमची सिंटर केलेली, म्हणजे भुकटी दाबून-भाजून घट्ट केलेली, चुंबकं वेगळी काढली. ज्याला ज्या मालाचं मोल कळलं, त्याने त्याच्यासाठी वहीत वेगळं पान राखलं, इतका सरळ हा हिशेब आहे.

चुंबकांचं तरी बरं म्हणायचं. चिप आणि रडारसाठी लागणारं गॅलियम, फायबर आणि रात्रीच्या दुर्बिणींसाठी लागणारं जर्मेनियम, स्क्रीनसाठी लागणारं इंडियम आणि पोलादात मिसळलं जाणारं नायोबियम हे सगळे सहा आकड्यांच्या पातळीवर ८११२९२ या एकाच डब्यात कोंबलेले आहेत. लिथियमचं खनिज स्पॉड्युमिन तर २५३०९० मध्ये, म्हणजे ‘इतर खनिज पदार्थ’ या अडगळीच्या खोलीत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानुसार जगातलं ९८ टक्के प्राथमिक गॅलियम एकट्या चीनमधून येतं. अशा धातूला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचं नाव नाही.

परिणाम काय झाला तो बघा. एप्रिलच्या आदेशाचा फटका किती बसला हे जगाला कळलं ते चीनच्याच सीमाशुल्क आकडेवारीतून. मे २०२५ मध्ये चीनमधून बाहेर गेलेली चुंबकं वर्षभरापूर्वीच्या मेपेक्षा जवळपास तीन-चतुर्थांशाने कमी होती. ज्याने नळ बंद केला, त्याच्याच वहीत आपण पाणी किती कमी झालं ते वाचत होतो. आणि परवान्याच्या अर्जात माल शेवटी कोण वापरणार, कशात वापरणार याची माहिती भरून द्यावी लागत होती. भारतीय कंपन्यांचे अर्ज आपल्या सरकारकडून आणि चिनी दूतावासाकडून प्रमाणित होऊन जात होते. म्हणजे आपल्या कोणत्या कारखान्याला कोणतं चुंबक किती लागतं याचा तपशीलवार हिशेब बीजिंगमध्ये जमा होत गेला. पुण्यात तो कोणापाशी नव्हता, नागपुरातही नव्हता.

नागपूरचं नाव मुद्दाम घेतलं. भारतीय खाण ब्यूरो १९४८ पासून आहे आणि त्याचं मुख्यालय नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. देशाचं खनिज वार्षिक, म्हणजे इंडियन मिनरल्स इयरबुक, तिथूनच निघतं. मी ते वाचतो. त्यात कष्ट आहेत, विद्वत्ता आहे, जुन्या नोंदी जपण्याची शिस्त आहे. पण ते छापून हातात येईपर्यंत त्यातले आकडे बहुधा दीड-दोन वर्षांचे झालेले असतात. भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्याला तेवढा उशीर चालतो, खडक पळून जात नाही. ज्याचा कंटेनर चीनमधल्या निंगबो बंदराच्या धक्क्यावर उभा आहे त्याला मागच्या आठवड्याचं हवं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या खनिजांच्या व्यापाराची आणि त्यांच्याविषयी देशोदेशी निघणाऱ्या आदेशांची चालू, उघडी, दर महिन्याला भरली जाणारी नोंदवही भारताने ठेवावी, आणि ती नागपुरात ठेवावी. खाणींचे लिलाव, अनुदानं आणि परदेशातले करार यांच्या बरोबरीचं हे काम आहे. माझ्या मते ते त्यांच्या आधीचं आहे.

व्यापाराबरोबर आदेशांचीही नोंद का, ते सांगतो. २०२३ पासून चीनने एका मागोमाग एक दारं कशी लावत आणली ते क्रमाने पाहिलं तर एप्रिल २०२५ अचानक आला असं म्हणवत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना. १ डिसेंबर २०२३ पासून बॅटरीत लागणाऱ्या ग्रॅफाइटला. सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीला. डिसेंबर २०२४ मध्ये गॅलियम, जर्मेनियम आणि अँटिमनी अमेरिकेला द्यायचंच बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम. दर खेपेला आधी दुय्यम वाटणारा धातू, मग त्याच्या शेजारचा, मग मर्मावरचा. ही मालिका कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवली असती, तर २०२४ च्या दिवाळीतच विचारता आलं असतं की पुढची पाळी चुंबकांची आली तर आपल्याकडे किती आठवड्यांचा साठा आहे?

त्याही मागे जाता येतं. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी जहाज जपानच्या गस्ती नौकांना धडकलं. जपानने कप्तानाला पकडलं आणि पुढचे काही आठवडे जपानला जाणारे रेअर अर्थ अडले. अमेरिका, युरोप आणि जपान २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०१४ मध्ये जिंकले आणि २०१५ मध्ये चीनने निर्यातीचा कोटा उठवला. बहुतेकांनी तिथे विषय मिटला असं मानलं. पण कोटा हरला आणि त्याच्या जागी परवाना आला, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे करून. हे नवं हत्यार न्यायनिवाड्याच्या टप्प्यात येणं फार अवघड आहे.

जपानने मात्र त्या खटल्यावर विसंबून दिवस काढले नाहीत. २०११ मध्ये जॉगमेक या सरकारी संस्थेने सोजित्झ या व्यापारी कंपनीला बरोबर घेऊन ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. मालाचा साठा करायला सुरुवात केली. चीनवरचा भार नव्वद टक्क्यांच्या आसपास होता, तो साठच्या घरात आणला. हे आपल्याकडे सांगितलं जातं. पण याच जॉगमेकचं दुसरं काम कोणी सांगत नाही. एकेका धातूचा प्रवाह ती कागदावर मांडते. तो धातू कुठून किती आला, कोणत्या रूपात आला, कोणत्या उद्योगात गेला, भंगारातून किती परत मिळाला, हे सगळं त्यात असतं आणि ते प्रसिद्ध होतं. पैसा कुठे घालायचा हे ज्याला कळलं त्याच्यापाशी आधी तो नकाशा होता, असा माझा त्यातून निष्कर्ष आहे. युरोपीय संघाचा कच्च्या मालाचा कायदा मे २०२४ मध्ये लागू झाला. २०३० पर्यंत कुठल्याही एका परक्या देशावर ६५ टक्क्यांहून जास्त विसंबायचं नाही हे त्याचं उद्दिष्ट सगळे उद्धृत करतात. त्याच कायद्यात पुरवठ्यावर नजर ठेवण्याची आणि किमान दर तीन वर्षांनी प्रत्येक महत्त्वाच्या धातूच्या साखळीवर ताण देऊन पाहण्याची सक्ती आहे, ती कोणी सांगत नाही.

चीनकडे बोट दाखवून भागत नाही हेही मान्य करायला हवं. इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल खनिज बाहेर जाऊ देणं बंद केलं. युरोपीय संघ व्यापार संघटनेत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जिंकला. इंडोनेशियाने वर अपील केलं. वरचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंदच आहे, त्यामुळे निकाल तसाच लटकला. दरम्यान तिथे गाळपाचे कारखाने उभे राहिले आणि आज जगातलं निम्म्याहून अधिक निकेल एकटा इंडोनेशिया काढतो. मला त्या देशाची भूमिका चूक वाटत नाही. माती विकून पक्का माल विकत घेण्याचा धंदा आपणही दीडशे वर्षं केला आहे आणि त्याची किंमत आपल्याला माहीत आहे. झिम्बाब्वेने २०२२ च्या डिसेंबरात कच्च्या लिथियमवर बंदी घातली ती याच विचाराने. काँगोचं प्रकरण अधिक कडक. जगातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कोबाल्ट तिथून येतं. २२ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी सगळी निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली, मग मुदत वाढवली आणि १६ ऑक्टोबरपासून कोटा लावला. २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन. वर्ष संपायच्या आत कोबाल्टचा भाव दुपटीच्या पुढे गेला होता. बॅटरी घेणाऱ्या आपल्या कारखानदारांपैकी कितीजणांनी तो कोट्याचा आकडा वेळेवर वाचला असेल?

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कांद्याचं वर लिहिलंच. जून २०२५ मध्ये, आपल्या तुटवड्याच्या ऐन दिवसांत, आयआरईएल या आपल्या सरकारी कंपनीला जपानला रेअर अर्थ पाठवणं थांबवायला सांगितल्याची बातमी आली. तेरा वर्षं जुना करार होता तो. घरी तुटवडा असताना बाहेर देऊ नये हे मलाही पटतं. पण पलीकडच्या तीरावर कोणीतरी जपानी मित्र आपल्या शेडमध्ये खोकी मोजत बसला असेल, हे विसरून चालत नाही. व्यापार संघटनेच्या सदस्यांनी आपापली निर्यातबंधनं दर दोन वर्षांनी कळवायची असं ठरलेलं आहे. अनेक देश कळवत नाहीत. म्हणून हे काम ज्याचं त्याने करायला लागतं. पॅरिसची ओईसीडी, म्हणजे श्रीमंत देशांची संघटना, ते करते, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था करते. त्यांचा उपयोग मी रोज करतो. पण त्या याद्या श्रीमंत देशांच्या प्रश्नांभोवती रचलेल्या आहेत. चाकणला कोणता धातू कोणत्या रूपात लागतो, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर नाही.

आदेश आणि व्यापार एकाच वहीत का हवेत, याचं आणखी एक उदाहरण द्यायला हवं. चीनने अँटिमनी अमेरिकेला देणं बंद केल्यानंतर थोड्याच महिन्यांत थायलंड आणि मेक्सिकोहून अमेरिकेला जाणारा अँटिमनी ऑक्साइड एकदम वाढला. त्याच काळात चीनच्या आकड्यांत थायलंड आणि मेक्सिको हे मोठे गिऱ्हाईक म्हणून वर आले. नुसता आदेश वाचला तर वाटतं दार बंद. नुसता व्यापार वाचला तर वाटतं थायलंड नवा उत्पादक निघाला. दोन्ही शेजारी ठेवले की माल कोणत्या गल्लीतून फिरून आला ते उघड होतं. म्हणून आयातीच्या तक्त्यात माल कुठून जहाजावर चढला आणि मुळात कुठे बनला, हे दोन रकाने वेगळे छापायला हवेत. बिल ऑफ एन्ट्रीत दोन्ही भरलेले असतात. मी हजारो वेळा भरले आहेत.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला सीमाशुल्क कायद्याचा. २०२२ मध्ये त्यात कलम १३५एए घातलं गेलं. आयातदाराच्या मालाची किंमत, प्रमाण, वर्गीकरण असा तपशील कायद्याची मुभा नसताना छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम गरजेचं होतं. माझ्या गिऱ्हाइकांची बिलं पैसे टाकून विकत घेणारे मी पाहिले आहेत. पण सरकारने स्वतः, सगळ्यांची बेरीज करून, कोणाचंही नाव न घेता आकडा छापायला ते आड येत नाही. एखाद्या धातूचे देशात दोनच आयातदार असतील तर तो आकडा तीन महिन्यांनी छापा, की कोणाचा हात उघडा पडणार नाही.

दुसरा आक्षेप देशहिताचा. आपली दुखरी नस जगाला कशाला दाखवायची? याचं उत्तर परवान्याच्या अर्जात आहे. ज्याच्यापासून लपवायचं त्याला आपणच अर्ज भरून सगळं कळवलं आहे. अंधारात राहिले ते आपले छोटे कारखानदार, आपले बँकवाले, आपले आमदार-खासदार आणि आपले पत्रकार.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो. तक्ते कसले मांडता, खाणी काढा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचा साठा जाहीर झाला, तेव्हा असाच जल्लोष झाला होता. तो अंदाज जी-३ दर्जाचा, म्हणजे प्राथमिक होता. पुढे त्या गटाच्या लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो रद्द झाला. खाणी हव्यातच. पण गाठ खाणीत नाही, शुद्धीकरणात आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने पाहिलेल्या वीस धातूंपैकी एकोणिसांच्या शुद्धीकरणात चीन पहिला आहे, सरासरी सत्तर टक्के वाट्याने. ऑस्ट्रेलिया लिथियमचं खनिज डोंगराएवढं काढतो आणि ते चीनला गाळायला पाठवतो. खनिज, सांद्र (कॉन्सन्ट्रेट), ऑक्साइड, धातू, मिश्रधातू, चुंबक अशा एकेका पायरीवर आपण कुठे उभे आहोत, हे सांगणारा तक्ता नसेल तर खाणीचा दगडही शेवटी त्याच दारात न्यावा लागेल.

आणि पैसा तर आपण घालतो आहोत. जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना आली, वर्षाला ६,००० टन क्षमता उभी करण्याची. मला या योजनेचं मनापासून स्वागत करायचं आहे, म्हणूनच विचारतो. देशाची गरज ५४० टन असेल तर हे फार झालं. ५३ हजार टन असेल तर फार तोकडं. खरी गरज मधे कुठेतरी असणार आणि योजना आखणाऱ्यांनी काहीतरी गणित केलंच असणार, पण ते गणित लोकांसमोर नाही. पुढचा हिशेब बघा. चुंबकाच्या वजनात साधारण तीस टक्के निओडिमियम आणि त्याचा जोडीदार प्रासियोडिमियम. ६,००० टनांना १,८०० टन धातू लागेल. आयआरईएलची निओडिमियम काढण्याची ताकद वर्षाला साडेचारशे-पाचशे टनांच्या घरातली. उरलेला धातू कोणाकडून येणार? चीनकडूनच आला तर त्यावर कोणता परवाना असेल? हा प्रश्न कारखाना उभा राहण्याआधी विचारायचा, आणि विचारायला रकाना हवा.

आयआरईएलचं मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे, सिद्धिविनायकाच्या शेजारी. कंपनी १९५० ची. कोकणच्या किनाऱ्यावर, रत्नागिरीकडे, इल्मेनाइटची काळी वाळू लाटांबरोबर येते, ती आम्ही लहानपणी चुंबकाला चिकटवून खेळायचो. नागपुरात खाण ब्यूरो आहे, खनिज शोधणारी एमईसीएल आहे. न्हावाशेवाला माल उतरतो. चाकणला तो लागतो. हे सगळे धागे एका राज्यात आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्यासाठी नवी संस्था काढू नये. खाण ब्यूरोला सीमाशुल्काचे मासिक आकडे थेट मिळावेत. आपल्या आठ आकडी यादीत प्रत्येक महत्त्वाच्या धातूच्या प्रत्येक रूपाला स्वतंत्र ओळ असावी. आणि परदेशातला प्रत्येक आदेश निघाल्यापासून आठवड्याच्या आत मराठी, हिंदी, तमिळ, गुजरातीत सोप्या शब्दांत उपलब्ध व्हावा, त्यात कोणता माल, कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या तारखेपासून, कोणता कागद लागणार, एवढं असलं तरी पुरे. दहा-पंधरा चिनी, इंडोनेशियन, फ्रेंच जाणणारी माणसं आणि एक बऱ्यापैकी सर्व्हर एवढ्यात हे होतं. १६,३०० कोटींत हा खर्च दिसणारही नाही.

मागे पुन्हा भोसरीला गेलो होतो. मित्राने काही मोटरींत रेअर अर्थ नसलेली फेराइटची चुंबकं बसवून पाहिली, ती जड होतात आणि जागा जास्त घेतात. काहींसाठी डिस्प्रोसियम नसलेला माल मिळाला, तो तापू नये म्हणून कड्याची रचना बदलली. काम चालू होतं. मी त्याला सांगितलं की ९ ऑक्टोबर २०२५ ला चीनने आणखी पाच धातू यादीत घेतले होते, आणि ज्या मालात चिनी रेअर अर्थचा एक हजारांश भाग आहे त्यालाही परवाना लावायचं ठरवलं होतं. ट्रम्प आणि शी यांच्या भेटीनंतर तो आदेश १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत थांबवून ठेवला आहे. एप्रिलचा मात्र लागूच आहे.

त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याने फोनवर २०२६ चं कॅलेंडर उघडलं, नोव्हेंबरपर्यंत सरकवत नेलं, दहा तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मंगळवार आहे. सोमवारपर्यंत उतरलेला माल धरतील ना?”